पेटीला अनुदान आहे, माशीचं काय?

मागच्या जानेवारीतली गोष्ट. शनिवार-रविवारला जोडून एक सुट्टी मिळाली म्हणून पुण्याहून गावी गेलो होतो, सकाळी साडेनऊच्या सुमारास अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागोमाग शेतावर गेलो आणि कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये जाऊन उभा राहिलो तर काहीच आवाज नाही. ज्यांनी बियाण्याचा कांदा कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, गोंडे फुलात आले की त्या प्लॉटमध्ये सकाळी नऊ ते बारा माश्यांची एवढी घूं घूं असते की फोनवर बोलायला बांधावर यावं लागतं. त्या दिवशी मला शेजारच्या वस्तीवरच्या बाईंनी पोराला घातलेली शिवी सुद्धा स्पष्ट ऐकू आली.

अण्णा काही न बोलता पेट्यांकडे गेले. आंब्याखाली मधमाश्यांच्या दोन पेट्या होत्या, मेलिफेरा ह्या पाळीव जातीच्या, आणि त्यांच्यापुढची जमीन काळी दिसत होती. जवळ जाऊन बघितलं तर माश्या. मेलेल्या. प्रत्येकीची सोंड बाहेर आलेली, लांब, तहान लागल्यासारखी. काही अजून जिवंत होत्या, पाठीवर पडून जागच्या जागी गोल फिरत होत्या, मधेच थांबायच्या, परत फिरायच्या. मुंग्या कामाला लागलेल्या होत्याच.

आदल्या दिवशी सकाळी नऊ वाजता तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, फुलकिड्यांसाठी औषध मारलं होतं. आमच्याच प्लॉटवर, आमच्याच पंपाने. त्यामुळे ह्या पोस्टमध्ये कुणा शेजाऱ्याला किंवा दुकानदाराला शिव्या द्यायची सोय नाही, माती आमच्याच हाताने खाल्लेली आहे. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "आरं निळा त्रिकोण बघून आणलंय की. लाल असतं तर मारलं असतं व्हय मी?"

आता हा त्रिकोण नीट समजून घ्या कारण मलाही वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्या दिवशी समजला. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर, पुड्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्यात खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे त्रिकोणात, रंग असतो, लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. शेतकरी ह्याच रंगावर भरवसा ठेवतो, अर्ध्या जणांना नाव वाचता येत नाही पण रंग कळतो. पण हा रंग ठरतो कशावर? तर उंदरासारख्या प्रयोगातल्या प्राण्याला किती मिलिग्रॅम दिल्यावर तो मरतो ह्यावर. म्हणजे तो रंग फवारणाऱ्या माणसासाठी आहे, माशीसाठी नाहीच. आम्ही मारलेलं थायोमेथोक्झाम होतं, निओनिकोटिनॉइड गटातलं, माणसाला त्यातल्या त्यात सौम्य म्हणून निळा त्रिकोण, आणि मधमाशीला मात्र काही नॅनोग्रॅममध्ये खलास करणारं. तात्यांनी नियमाप्रमाणे रंग बघितला होता, रंगाने त्यांना खरं तेच सांगितलं होतं, फक्त ते माशीबद्दल नव्हतं.

पुड्यात घडी केलेला एक कागद निघाला. बारा-पंधरा भाषा, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचला तेव्हा सापडलं, मधमाश्या फुलांवर येत असताना फवारू नका. आहे, लिहिलेलं आहे. कायद्याने सांगितलं ते कागदावर आलं, विषय संपला.

आणि कायदा तरी कुठला, तर १९६८ चा कीटकनाशक कायदा. त्याच्या पहिल्या ओळीतच उद्देश दिलाय, माणसांना आणि प्राण्यांना धोका होऊ नये. १९५८ साली केरळात आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन मिसळलेलं पीठ खाऊन शंभरावर माणसं गेली, त्यातून पुढे हा कायदा आला, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष विषबाधेवर असणं समजू शकतो. आपल्याकडे २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना माणसं मेली तेव्हा सुद्धा चर्चा मास्क आणि हातमोजे ह्याच्यावरच झाली, आणि व्हायलाच पाहिजे होती, माणूस पहिला. पण एखादं औषध फूल असताना मारायचं का नाही, मारायचं तर किती वाजता, ह्याची जबाबदारी आज नक्की कुणाची आहे हे मी गेलं वर्षभर शोधतोय.

गंमत म्हणजे माश्यांसाठी सरकार काही करतच नाही असं अजिबात नाही. आमच्या त्या दोन पेट्याच सरकारी योजनेतून आलेल्या. खादी ग्रामोद्योग मंडळाची मध केंद्र योजना आहे, निम्मं अनुदान, निम्मा हिस्सा आपला, आणि आधी दहा दिवसांचं प्रशिक्षण करावं लागतं. अण्णा सहासष्टाव्या वर्षी वही घेऊन प्रशिक्षणाला गेले होते, आई अजून चिडवते की लग्नानंतर एवढे दिवस घर सोडून पहिल्यांदाच राहिले. आल्यावर महिनाभर घरात दुसरा विषय नाही. राणी, कामकरी, नर, पोळ्याची चौकट, मेणपतंग. केंद्राचंही राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध अभियान आहे, ५०० कोटींचं, २०२० मध्ये आत्मनिर्भरच्या पॅकेजमध्ये आलं, नंतर मुदतवाढही मिळाली. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथे मी मुद्दाम जाऊन आलो, चांगलं काम आहे, लोक सातेरी माश्यांच्या पेट्या अगदी घरच्या गाईसारख्या सांभाळतात. टिंगल करायची इच्छाच होत नाही.

पण ह्या सगळ्यात मोजमाप कशाचं होतं बघा. पेट्या किती वाटल्या, मध किती किलो निघाला, मधपाळ किती झाले. म्हणजे माशी आली ती उद्योग म्हणून. पेटीत बसली तर ती लाभार्थी, झाडावर बसली तर कुणाचीच नाही.

आणि शेतात काम करणाऱ्या तर बहुतेक झाडावरच्या आणि मातीतल्याच असतात की! आमच्या कांद्यावर पेट्या आणायच्या आधी वर्षानुवर्षं बी धरत होतंच ना, ते कोण करत होतं? कांद्याच्या फुलात आधी पराग सुटतात आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर तयार होईपर्यंत ते संपलेले असतात, त्यामुळे ह्या फुलावरचा पराग त्या फुलावर कुणीतरी उचलून न्यावाच लागतो. ते काम आग्या करायच्या, ओढ्याकडच्या मोठ्या झाडावर दरवर्षी त्यांची मोहोळं लागायची. बारकी फुलोरी बांधावरच्या बोरीला एकच लहानसं पोळं धरायची. भिंतीच्या फटीतून मेणाची नळी काढून राहणारी ती बिनडंखाची पोयाची माशी, ती पण. शिवाय मधमाशीसारख्या पट्ट्यांच्या सिरफिड माश्या, ज्यांच्या अळ्या वर आणखी मावा खातात, म्हणजे एकाच पगारात दोन कामं, पगार शून्य. आणि जमिनीत भोकं पाडून एकट्या राहणाऱ्या माश्या, ज्यांना आमच्याकडे नावच नाही, पोरं त्यांना नुसतं भुंगा म्हणतात.

ह्या एकट्या राहणाऱ्या माश्यांचं घर आम्हीच मोडलं. सात-आठ वर्षांपूर्वी जेसीबी लावून बांध सरळ केला, दोन सऱ्या जास्त निघाल्या. त्या दोन सऱ्यांचा ऊस किती झाला आणि त्या बांधात किती जण राहत होते ह्याचा हिशोब कुणी केला नाही, मी पण नाही, मी तर तेव्हा जेसीबीबरोबर फोटो टाकला होता.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याच्या यादीत कीटक आहेत, पण मुख्यतः फुलपाखरं, पतंग, काही भुंगेरे, एखादा चतुर. म्हणजे दुर्मिळ असेल, देखणा असेल, पकडून फ्रेममध्ये लावून विकला जात असेल तर त्याला संरक्षण. ते हवंच. पण पकडून विकायला बंदी घालून आमच्या माश्यांचं काय होणार आहे, त्यांना कुणी पकडतच नाही. त्यांचा प्रॉब्लेम पकडण्याचा नाही, नऊ वाजताच्या पंपाचा आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू जाहीर केलं, ब्लू मॉरमॉन, मराठीत नीलवंत, असं करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं. मला अभिमानच आहे त्याचा, काळ्या मखमलीवर निळा रंग सांडल्यासारखं दिसतं ते. फक्त त्याची अळी लिंबूवर्गीय झाडांची पानं खाऊन मोठी होते, आणि लिंबाच्या पानावर अळी दिसली की आपण काय करतो हे बागवाल्यांना सांगायला नको. अळीच्या अंगावर कुठे लिहिलेलं असतं की मी पुढे जाऊन राज्यचिन्ह होणार आहे?

गावात जैवविविधता समिती पण आहे बरं का. २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत असायलाच लागते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला लागते. मी आमच्या गावाची नोंदवही मागून बघितली. झाडांची चार पानं, पक्ष्यांची दीड, आणि कीटकांत तीन ओळी, मधमाशी, फुलपाखरू, मुंगी. संपलं. आमच्या एका गोंड्यावर दहा मिनिटं बसलं तरी ह्याच्यापेक्षा जास्त होतात.

इतकं सगळं वाचून कुणाला वाटेल हा आता म्हणणार सरकारला जमतच नाही. नाही, जमतं. मी स्वतः बघितलंय, म्हणून तर त्रास होतो.

२००२. मी नववीत होतो. त्या पावसाळ्यात आमच्या सांगली भागात उसावर लोकरी मावा आला. पानाची खालची बाजू पांढरीफेक, कापूस पिंजून चिकटवल्यासारखी, पाचटात शिरून बाहेर आलं की केस, सदरा, पापण्या सगळं पांढरं, आणि त्या माव्याच्या चिकट पाण्यावर खालच्या पानांना काळी बुरशी. म्हातारी माणसं म्हणायची असलं कधी बघितलं नव्हतं. एका हंगामात जिल्हे ओलांडून कर्नाटकात पसरला. लोकांनी काय काय मारलं म्हणून सांगू, पण आठ-दहा फुटी उसात पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचवणार कसं, फवारणारा माणूसच भिजून आजारी पडायचा.

आणि मग कारखान्याचे लोक आणि कृषी खात्याचे लोक येऊन सांगायला लागले की फवारू नका. पहिल्यांदा लोक हसले. पण त्यांनी पान उलटं करून दाखवलं, त्या पांढऱ्या लोकरीत जाळीसारखं काहीतरी आणि त्यात एक हिरवट करडी अळी, मावा खात बसलेली. कोनोबाथ्रा. नंतर तिचं नाव डिफा म्हणून सांगायला लागले, आमच्याकडे मात्र कोनोबाथ्राच राहिलं. दुसरी एक मायक्रोमस. हेक्टरी कोनोबाथ्राच्या १००० अळ्या नाहीतर मायक्रोमसच्या २५०० सोडा, ही शिफारस होती. मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेपासून ते कारखान्यांपर्यंत ह्या अळ्या वाढवायची सोय झाली. पण त्याहून भारी म्हणजे लोकांनी स्वतःच सुरू केलं, ज्याच्या उसात अळ्या झाल्यात त्याच्या रानातली पानं कापायची, पिशवीत घालून सायकलवरून आणायची आणि आपल्या पानांना टाचायची. मी आणि माझ्या आत्तेभावाने शाळेतून आल्यावर हेच काम केलं दिवाळीपर्यंत. टाचणीला पैसे नकोत म्हणून बाभळीचे काटे. एका पोतडीभर पानांसाठी अण्णांनी पाहुण्यांकडे जाऊन अक्षरशः गयावया केली होती, एरवी त्या पाहुण्यांशी आमचं पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद होतं.

पुढे एक-दोन वर्षांत मावा आटोक्यात आला. पूर्ण गेला नाही, अजूनही दिसतो अधूनमधून, पण त्याच्यापाठोपाठ ह्या अळ्याही दिसतात. त्या वेळी आमच्या पंचक्रोशीत मित्रकिडा हा शब्द चहाच्या टपरीवर वापरला जायचा. कुणी पंप घेऊन उसात शिरला तर दुसरा ओरडायचा, अरे अळ्या मारशील! विचार करा, अळ्या मारशील म्हणून शेतकरी शेतकऱ्यावर ओरडतोय.

तेव्हा काय वेगळं होतं? मला वाटतं एकच. त्या किड्याला काम होतं, नाव होतं, आणि शिफारसच अशी होती की औषध थांबवा. पेटी वाटून बाजूला झाले नाहीत. आता मात्र पेटी देणारं खातं वेगळं, औषधाला परवानगी देणारं वेगळं, फुलपाखरू सांभाळणारं तिसरंच, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर.

सरकारी कागदात अजूनही चांगल्या गोष्टी पडून आहेत. केंद्राच्या एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या पुस्तिका आहेत, पिकागणिक, त्यात चक्क लिहिलंय की शेतात फिरा, शत्रूकिडी मोजा, मित्रकिडी मोजा, आणि दोनास एक असं प्रमाण असेल तर फवारायची गरज नाही, शक्यतो थांबा. दोन किड्यांमागे एक ढालकिडा, क्रायसोपा किंवा कोळी असला तर तो बघून घेईल. हे मी तात्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मग हे पुड्यावर का लिहीत न्हाईत?" मला उत्तर सुचलं नाही.

क्रॉपसॅप २००९ पासून आहे आपल्याकडे, किडीवर नजर ठेवायची यंत्रणा, कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीच्या वर गेली की मोबाईलवर सल्ला येतो. चांगली आहे. पण तो सल्ला किडीचं नाव, औषधाचं नाव आणि दहा लिटरला किती मिली एवढ्यात संपतो. त्याच मेसेजमध्ये एक ओळ वाढवायची, पीक फुलात असेल तर संध्याकाळी सहानंतर मारा, खर्च काय येणार आहे?

फ्रान्समध्ये ह्याच्यावर चक्क नियम आहे. २०२१ च्या शेवटी त्यांनी काढला, फुलात असलेल्या पिकावर फवारायचं तर सूर्यास्ताच्या आधी दोन तास ते नंतर तीन तास, एवढ्याच वेळात. बास. त्या वेळेला माश्या घरी असतात आणि सकाळपर्यंत औषध वाळतं. सगळी औषधं काही ह्याने निर्धोक होत नाहीत, निओनिकोटिनॉइड गटातली औषधं झाडाच्या रसात आणि परागात उतरतात, म्हणून युरोपने त्यातली तीन २०१८ मध्ये उघड्या शेतात बंदच केली, आमचं थायोमेथोक्झाम त्यात आहे. आपल्याकडे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा आला होता, त्यातली मोजकीच शेवटी बंद झाली. मी कुणाला उद्या सगळं बंद करा म्हणत नाहीये, शेती करणाऱ्या घरात वाढलोय, करपा आणि फुलकिडे काय करतात ते माहितीये. पण घड्याळ तरी? घड्याळाला कुठली कंपनी विरोध करणार आहे?

आणि शेतकरी ऐकत नाहीत हे मला कुणी सांगू नका. आमच्या शेजारी सगळी द्राक्षं. युरोपला माल जायचा असेल तर हाच शेतकरी कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं हे तोंडपाठ सांगतो, ग्रेपनेटला बागेची नोंद, रेसिड्यूचा रिपोर्ट, फाईल, सगळं टापटीप, कारण कंटेनर परत आला तर घर बसतं. म्हणजे तिकडच्या गिऱ्हाइकाच्या पोटासाठी आम्ही दिवस मोजतो, आणि इकडच्या माशीसाठी तास मोजायला सांगणारं कुणी नाही. सांगितलं आणि त्याच्यामागे काहीतरी वजन ठेवलं तर मोजतील.

आमच्या प्लॉटचं काय झालं ते राहिलंच. वीस गुंठ्यात दीडशे किलोच्या आसपास बी अपेक्षित होतं, साठ निघालं. गोंडे वरून भरलेले दिसत होते पण चोळले की बोंडं फोलपट. माश्या मेल्यावर पंधरा दिवस आई आणि दोन बायका रोज सकाळी गोंड्यांवरून हलका हात फिरवत होत्या, सुती फडकं गुंडाळून, पराग इकडचा तिकडे व्हावा म्हणून. तीनशे रुपये हजेरी. आई तिसऱ्या दिवशी म्हणाली, माशी एवढं वाकून करत असेल तर तिची कंबर कशी दुखत नाही. साठातले निम्मे तरी त्या फडक्याचे असतील.

तात्या बरेच दिवस आंब्याखाली जात नव्हते. एका पेटीत राणी वाचली होती, ती अण्णांनी जपली, साखरेचा पाक देऊन. दुसरी रिकामी. पूर्वेकडच्या बांधाला ह्या वर्षी पाच फूट पट्टा सोडलाय, नांगर नाही, तणनाशक नाही, तीळ आणि बडीशेप टाकलीय, बाकी जे उगवेल ते. मातीत बारकी भोकं दिसायला लागलीत. अण्णा त्यातल्या एकापाशी उकिडवे बसून कोण आत जातं ते बघत होते, पाऊण तास, मला फोन करून लाईव्ह कॉमेंट्री.

ह्या डिसेंबरात पाणीवाटपाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच ठरवलं की कुणीही फुलातल्या पिकावर मारणार असेल तर आदल्या दिवशी कळवायचं. ग्रुपमध्ये एकवीस जण, त्यातले सात-आठच कळवतात, बाकीचे गुड मॉर्निंग टाकतात. पण परवा पहिला मेसेज आला तो तात्यांचा, व्हॉइस नोट नाही, स्वतः टाईप केलेला: "उद्या सांच्याला ६ नंतर हरबऱ्याला मारणार हाय. दादा पेटी झाकून घे."